वही परत द्यायची का?

कोणी कापूस वेचून आत्ताच टेकल्या असाल, कोणाच्या हातात अजून लाटणं असेल. हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या.

आज आम्ही आमच्याच गटातली गोष्ट सांगणार आहोत. जिची गोष्ट आहे तिला विचारूनच सांगतोय. भाषण लिहून झाल्यावर तिनं ते वाचलं, दोन वाक्यं खोडली आणि म्हणाली, "नाव घेऊ नका, गावही सांगू नका. पण मागावर बसते एवढं सांगा." तर ती पैठणी विणते. पाच वर्षं आमच्या गटाची सचिव होती. हिशेबाची वही, बँकेचं पासबुक, कोणाचा हप्ता आला, कोणाचा राहिला, सगळं तिच्याकडे. अक्षर तर असं की बँकेतल्या बाईंनीही नावाजावं.

दोन वर्षांपूर्वी नाथषष्ठीच्या तोंडावर तिची झोप उडाली. रात्री दोनला उठून अंगण सारवायची. दिंडीतल्या माणसांना जेवू घालते म्हणाली आणि दुकानातून उधारीवर पोत्यानं किराणा उचलला. बोलायला लागली की थांबेना, एक विषय संपायच्या आत दुसरा. आम्ही म्हणालो, बाईला भक्ती चढली. खरं सांगायचं तर आम्हाला कौतुकच वाटलं. मग ती चिडायला लागली, नवऱ्याच्या अंगावर धावली, अंगावरचं सोनं वाटून टाकते म्हणाली. तेव्हा घरच्यांनी "बाहेरचं झालंय" म्हणून तिला एका ठिकाणी नेऊन बसवलं. अकरा दिवस तिथं गेले. शेवटी तिचा भाऊ आला आणि तिला संभाजीनगरला घाटीत घेऊन गेला.

तिथं कळलं की या आजाराला बायपोलर म्हणतात. यात मन एकदा वर चढतं, एकदा खाली उतरतं. वर चढलं की झोप नको, थकवा नाही, पैसा पाण्यासारखा, आपण काहीही करू शकतो असं वाटतं. खाली उतरलं की अंघोळीलाही उठवत नाही, जीव नकोसा होतो. मधे बरेच दिवस माणूस तुमच्याआमच्यासारखंच असतं. हा कोणाचा कोप नाही, करणी नाही आणि स्वभावातला दोषही नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ साली १२ राज्यांत पाहणी केली. आपलं महाराष्ट्र त्यात नव्हतं, पण अंदाज यायला ती पुरेशी आहे. दोनशे मोठ्या माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधी तरी हा आजार होतो, आणि ज्यांना होतो त्यांतल्या सुमारे ७० टक्के लोकांवर उपचारच होत नाहीत. म्हणजे दोन हजार मोठ्या माणसांच्या गावात दहा जण असतील आणि त्यांतले सात दवाखान्याबाहेर. आपल्या गावात कोणी नाही असं वाटत असेल, तर झाकून ठेवलेलं असेल.

तीन आठवड्यांनी ती घरी आली. शांत होती, नीट जेवत होती. गावानं ठरवून टाकलं, बरी झाली.

पण मागावर बसली की धागे मोजताना चुकायची. पैठणीच्या पदराचं तुम्हाला माहीत आहे. एकेका रंगाची वेगळी कांडी, एकेक धागा मोजून उचलायचा, एक चुकला तर पोपटाची चोच वाकडी. आधी दीड महिन्यात उतरणारा पदर चार महिने झाले तरी मागावरच. घरचे म्हणायला लागले, आता काय झालंय हिला, गोळ्या खाऊन आळशी झाली. आणि आम्ही? आम्ही वही काढून घेतली होती. "थोडे दिवस आराम कर ताई," असं गोड बोलून काढून घेतली आणि चौदा महिने परत दिली नाही. ती सभेला यायची, दाराशी बसायची, बचत भरायची आणि जायची.

एका सोमवारी सभा संपताना तिनं विचारलं, "माझी वही मला कधी देणार?" कोणी बोलेना. मग एक मावशी म्हणाल्या, "देऊ गं, पण पुन्हा झालं तर?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. सासू विचारते, ही संसार करेल का. नवरा विचारतो, असंच राहणार का. कर्ज देणारे विचारतात, फेडेल का. उत्तरासाठी कोणी पंचांगवाल्याकडे जातं, कोणी देवऋषीकडे. आम्ही ठरवलं की हा प्रश्न मनोविकाराच्या डॉक्टरांनाच विचारायचा. गटातल्या दोघी तिच्याबरोबर तपासणीला गेल्या. डॉक्टरांनी सांगितलेलं आणि नंतर वाचून, विचारून कळलेलं तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट आम्हाला फार मोठी वाटली. बरं होणं दोन प्रकारचं असतं. ताप उतरणं वेगळं आणि अंगात ताकद येणं वेगळं. टायफॉइड झालेल्या माणसाला ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी आपण नांगराला धरत नाही. इथं मात्र आपण तेच करतो. अमेरिकेत बॉस्टनजवळ मॅकलीन नावाचं मनोरुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच उन्मादाचा झटका आलेल्या १६६ जणांना पुढं काही वर्षं पाहिलं आणि २००३ साली निष्कर्ष छापले. दोन वर्षांत शंभरातल्या ९८ जणांचा झटका ओसरला. पण आधीसारखं काम आणि आधीसारखं राहणं शंभरातल्या ४३ जणांनाच परत मिळालं. ही अमेरिकेतली माणसं, औषधं हाताशी असलेली. त्यांनाही दोन वर्षं पुरली नाहीत आणि आपण आपल्या बाईला दोन महिन्यांत आळशी ठरवलं.

धागे चुकण्याचं कारणही तेव्हाच कळलं. या आजारात झटका गेल्यावरही बऱ्याच जणांचं लक्ष आणि लक्षात ठेवणं काही काळ कमी पडतं. गोळ्यांनी सुस्ती येते तो भाग वेगळा, तो डॉक्टरांना सांगितला तर औषध किंवा वेळ बदलता येते. पण सगळा दोष गोळीवर ढकलून ती बंद करणं म्हणजे गळतं म्हणून छप्परच काढून टाकण्यासारखं.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. पुढं काय होईल हे आधी सांगता येतं का?

एका माणसाबद्दल छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. जो सांगेल त्याच्यापासून सावध राहा, मग तो पोथीवाला असो नाहीतर सुईवाला. पण शेकडो रुग्णांना वर्षानुवर्षं पाहून डॉक्टरांना काही खुणा मिळाल्या आहेत. आपण पैठणची माणसं, आपल्याला हे कळायला सोपं आहे. नाथसागराचे २७ दरवाजे कधी उघडतील हे पंचांगात नसतं. पण वर नाशिककडे पाऊस किती झाला, धरणात आधीच पाणी किती आहे, यावरून अंदाज बांधतातच ना? २००६ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना विचारा, तो अंदाज वेळेवर कळण्याची किंमत काय असते.

यातल्या काही खुणा आपल्या हातात नसतात. आजार किती लहान वयात सुरू झाला, त्याआधी माणूस किती शिकलं, काम कसं करत होतं. आमची ही बाई आजाराआधी पाच वर्षं चोख हिशेब ठेवत होती, ही तिच्या बाजूची गोष्ट. आम्ही मात्र ती तिच्या विरुद्ध धरली, "एवढी हुशार होती, बघा काय झालं."

काही खुणा थोड्याफार हातात असतात आणि त्याच जास्त कामाच्या. झटके किती वेळा आले ही त्यांतली मोठी. प्रत्येक झटका मागं काही तरी खरवडून जातो. पहिल्या झटक्यानंतर लगेच उपचार सुरू झाले आणि चालू राहिले तर पुढचे झटके लांबतात, काहींना वर्षानुवर्षं येत नाहीत. म्हणून त्या अकरा दिवसांचं आम्हाला वाईट वाटतं. दुसरी खूण दारू आणि नशा. बाई पीत नसेल, पण हाच आजार पुरुषांनाही तेवढाच होतो. ज्या घरात असा पुरुष आहे आणि तो पितो, तिथं औषधाचा निम्मा उपयोग दारू खाते.

आणि तिसरी खूण, जिच्यावर आम्ही थोडं जास्त बोलणार आहोत, ती म्हणजे उरलेली उदासी. वर चढलेलं सगळ्या गावाला दिसतं, खाली उतरलेलं कोणाला दिसत नाही. अमेरिकेतच १४६ रुग्णांना जवळजवळ तेरा वर्षं दर आठवड्याचा हिशेब ठेवून पाहिलं, तर उन्मादाच्या आठवड्यांपेक्षा उदासीचे आठवडे तिपटीहून जास्त निघाले. पूर्ण झटका नव्हे, नुसती रेंगाळलेली उदासी. भाकरी थापते पण चव कळत नाही, लेकरू बोलतं पण ऐकू येत नाही. ही रेंगाळलेली उदासी काम मोडते, नाती मोडते. बाई गप्प बसली की घर म्हणतं, चला, शांत झाली. मैत्रिणींनो, ती शांत झालेली नसेल, बुडत असेल. अशा वेळी मरणाचे विचार येतात का, हे तिला सरळ विचारावं. विचारल्यानं कोणी मरायला जात नाही, उलट बोलून हलकं होतं. आणि कापसाच्या फवारणीचं औषध घरात असेल तर कुलपात ठेवा किंवा दुसऱ्याच्या घरी.

एक सावधगिरी. उदासीचं औषध मेडिकलवाल्याला विचारून आणू नका. या आजारात नुसतं उदासीचं औषध दिलं तर मन उलट्या बाजूला, वर चढू शकतं. डॉक्टरांना आधीच्या चढल्या दिवसांबद्दल सांगणं म्हणूनच गरजेचं. बाई स्वतः ते सांगत नाही, तिला ते दिवस चांगले गेले असं वाटत असतं.

चौथी खूण घरातल्या बोलण्याची. यावर परदेशात तपासून पाहिलं आहे. ज्या घरात रुग्णाला सतत टोचून बोलतात, तिथं आजार लवकर उलटतो. "गोळी घेतलीस का?" एकदा विचारणं म्हणजे काळजी. भाजीत मीठ जास्त झालं की "गोळी घेतली नाही वाटतं" म्हणणं म्हणजे टोचणं. आमच्या बाईनं सांगितलं, "मी हसले तरी सासूबाई जावेकडे बघतात. आता मी हसायचंच सोडलंय." हे वाक्य ती खोडणार होती. मग म्हणाली, राहू द्या.

आता औषधांचं थोडं, कारण शेतात राबणाऱ्या बाईला काही गोष्टी शहरातल्या बाईपेक्षा जास्त जपाव्या लागतात. या आजारावर लिथियम नावाचं जुनं औषध आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी १९४९ साली त्याचा उपयोग दाखवला. बऱ्याच जणांना ते फार चांगलं लागू पडतं, आत्महत्येचा धोकाही त्यानं कमी होतो. पण हे मिठाच्या जातीचं औषध. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तात त्याचं प्रमाण वाढतं आणि विषबाधा होऊ शकते. वैशाखाच्या उन्हात ऊस तोडणं, जुलाब लागणं, निर्जळी उपवास, अचानक मीठ बंद करणं, यांत जपायला हवं. कंबर दुखते म्हणून आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी खातो ना आपण, तिनंही लिथियम वाढतं. हात जोरात थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, चाल अडखळली, तर तडक दवाखाना. रक्ताची तपासणी ठरलेल्या वेळी करायची, त्यात लिथियमचं प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड बघतात. पैसे लागतील म्हणून ती टाळू नका, सरकारी दवाखान्यात विचारा.

व्हॅल्प्रोएट नावाचंही औषध देतात. मूल व्हायचं असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा, कारण या औषधानं पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते. पण दिवस गेले म्हणून मनानं सगळी औषधं बंद करणंही धोक्याचं. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे या आजारात सगळ्यात नाजूक. रात्रीची झोप मोडते, तिथून सुरू होतं. सासूबाई ऐकत असाल तर रात्रीचं एक रडणं तुम्ही सांभाळा. आमच्या मते ते डिंकाच्या लाडवापेक्षा मोठं औषध आहे.

मुलांचं लगेच सांगून टाकतो, कारण सोयरिकीच्या वेळी हेच काढतात. आईला आजार आहे म्हणून लेकीला होणारच, असं नाही. धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे खरं, पण दहा मुलांतल्या साधारण नऊ जणांना तो होत नाही.

आमच्या बाईच्या घरी सोडचिठ्ठीचं बोलणंही निघालं होतं. कोणीतरी सांगितलं होतं, वेडाच्या कागदावर लगेच मोकळीक मिळते. तसं नाही. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे कारण लिहिलेलं आहे, पण सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली राम नारायण गुप्ता यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. आजार इतका तीव्र आहे का की एकत्र राहणं खरोखर अशक्य आहे, हे सिद्ध करावं लागतं. म्हणजे कोर्टही चिठ्ठीवरचं नाव बघत नाही, माणूस काय करू शकतं ते बघतं.

अपंगत्वाचा दाखलाही असाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. दाखला देताना चार गोष्टी बघतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, समजणं आणि बोलणं, आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, त्यात आजार किती वर्षं आहे त्याचे गुण मिळवायचे. एकूण सात किंवा जास्त झाले तर ४० टक्क्यांच्या वर धरतात आणि सवलतींना पात्र होता येतं. यात घरकाम हेही कामच धरलं आहे, तेव्हा "मी काही काम करत नाही, घरीच असते" असं तिथं सांगू नका. कोणाला दाखल्याची लाज वाटते. लाज कसली? पण गरज नसेल तर घ्याच असंही आमचं म्हणणं नाही. आमच्या बाईनं घेतला नाही.

तर आम्ही काय केलं? एकदम वही दिली नाही. त्याबद्दल आमच्यात भांडण झालं, दोघी म्हणाल्या द्यायची तर आजच द्या. पण तिनंच सांगितलं, "एकदम नको, मलाच भीती वाटते." पहिले दोन महिने तिनं सभेत हजेरी घेतली. मग बचतीचा रकाना लिहायला लागली, शेजारी एक मुलगी बसून आकडे मोठ्यानं वाचायची. मग कर्जाचा रकाना. सहाव्या महिन्यात वही घरी गेली, पासबुक दुसऱ्या बाईकडे ठेवलं. एकदा तिनं ५०० च्या जागी ५,००० लिहिले. सगळ्यांचे चेहरे पडले. मग कोणीतरी आठवण करून दिली की तिच्या जागी वही सांभाळणाऱ्या बाईनं तर एक अख्खा हप्ताच लिहायचा विसरला होता आणि तिच्या डोक्यावर कोणी संशय घेतला नव्हता.

आणखी एक केलं. तिच्याकडूनच तिच्या खुणा लिहून घेतल्या, तब्येत चांगली असताना. झोप दोन रात्री चार तासांच्या आत आली, फोनवर बोलणं वाढलं, उधारी सुरू झाली, तर समजायचं वर पाऊस झाला. उशिरापर्यंत पडून राहिली, माग झाकून ठेवला, सभेला आली नाही, तर खाली उतरतंय. असं दिसलं तर कोणी बोलायचं हेही तिनंच ठरवलं: धाकटी जाऊ आणि आमच्यातली एक. बाकीच्यांनी गप्प राहायचं. बरं असताना आपल्या उपचाराबद्दलची इच्छा लिहून ठेवायची आणि आपल्या वतीनं बोलणारं माणूस नेमायची सोय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. आमचा कागद तसा सरकारी नाही, साधा वहीचा आहे, जावेच्या डब्यात असतो. या षष्ठीला तिची झोप पुन्हा कमी झाली होती. जावेनं तिसऱ्याच दिवशी ओळखलं, भावाला फोन केला, डॉक्टरांनी गोळी थोडी बदलली. यावेळी भरती करायची वेळ आली नाही.

ज्यांना विचारायचं आहे त्यांनी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लिहून घ्या. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कोणत्या दिवशी येतात ते आशाताईंना विचारा. जाताना घरातलं एक माणूस आणि जुन्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आणि नुसतं "बरी होईल का" असं विचारू नका. "झोप किती हवी, काम कधी आणि किती सुरू करायचं, उदासी उरली आहे का, पुढची रक्ततपासणी कधी" असं विचारा. या प्रश्नांना उत्तरं मिळतात.

पदर मात्र अजून पूर्वीच्या वेगानं उतरत नाही. दीड महिन्याचं काम आता अडीच महिन्यांत होतं. मागच्या सभेत तिनं नव्या रेशमासाठी आठ हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. एका बाईनं विचारलं, हप्ता जमेल का? ती म्हणाली, अडीच महिन्यांच्या हिशेबानं हप्ते पाडा, दीडच्या नको. तसे पाडले, आणि वहीत ते तिनंच लिहिले.